चार हजारांपाशी

बिटको चौकातून जिना वर येतो.
दुसऱ्या मजल्यावर माझी खोली,
आत आणखी एक खोली, कपाटाएवढी,
भिंतींना भोकाभोकांचा पत्रा, दाराला रबर.
एसटीचा ब्रेक तरी थोडासा आत येतोच.

पुंजाराम गायधनी, वय एकसष्ट, तोफखाना.
लाल उजव्या कानाला, निळा डाव्या.
आवाज आला की बटण दाबा, बाबा,
कितीही बारीक असू दे.
काचेतून पाहिलं तर तोंड उघडं.
काही बोलायचंय का?
नाही, म्हणाले. सवय.
तोफ उडायच्या आधी तोंड उघडं ठेवायचं,
दाब दोन्हीकडून सारखा. उस्तादांनी शिकवलेलं.

बाहेर बाकावरून बाई म्हणाल्या,
लग्न झाल्यापासून असंच आहे.
कुकर शिट्टीला आला की ह्यांचं तोंड उघडतं,
मला वाटतं आता काहीतरी बोलतील,
हातातलं ठेवून मी थांबते.

पाचशे. ठीक.
हजार. ठीक.
दोन हजार, जरासं खाली.
चारला रेघ कोसळते,
पांडवलेण्याचा डोंगर उलटा धरावा तशी,
आणि आठपाशी दमून पुन्हा चढायला लागते.

मग मी काहीच वाजवत नाही
आणि ते बटण दाबतात.
पुन्हा दाबतात.
खात्रीने.

कानात एक शंख असतो, वाटाण्याएवढा,
अडीच वेढ्यांचा, पाण्याने भरलेला.
पाण्यात उभे बारीक केसांचे झुपके, हजारो,
कुजबुजीने वाकतात, पुन्हा सरळ होतात.
दाराशी रिकिबीसारखं हाड, तांदळाहून लहान,
ते धरून बसलेला स्नायू, देहातला सगळ्यात छोटा:
मोठा आवाज आला की लगाम खेचायचा, एवढंच त्याचं काम.
पण तोफ कुणासाठी थांबते?
ह्याने लगाम ओढेस्तोवर
घोडा आत जाऊन सगळं तुडवून गेलेला असतो.
हवेची आधी भिंत होते, मग पोकळी.
बारीक सूर राहतात दाराजवळच,
म्हणून आधी तेच आडवे.
गवत असतं तर उठलं असतं.
कोंबडीच्या कानात पुन्हा उगवतात, पुस्तकात वाचलंय.
हे मी बाबांना मोठ्याने सांगितलं.
ते हसले, म्हणाले, मग पलटणीत कोंबड्याच भरायच्या.

मी शिंगव्याची.
रेंजवर फायरिंग असलं
की मांडणीवरची पितळी एकमेकींना टेकून किणकिणायची,
खिडकीची काच थरथरायची.
आई म्हणायची, साडेदहा झाले, डाळ टाक.
पहिल्या गोळ्यावर आमचा स्वयंपाक लागायचा.
बाबा देवळालीत सहा वर्षं होते, पोरांना शिकवायला.
म्हणजे आमची कितीतरी डाळ ह्यांच्या हुकमावर शिजली,
आणि त्या वेळी कुणाच्या कानात काय मोडतंय
ते आमच्या गावीही नव्हतं.

ह्या दरीत काय काय पडलं, बाईंनी विचारलं.
मी सांगितलं: स, श, फ.
चिमण्या. घड्याळाचा गजर. पातेल्यावरची वाफ.
फॉर्मवर नाव काय लिहू तुमचं?
शशिकला.

लिहिता लिहिता
मी दोन्ही श काढून पाहिले.
अ इ कला.
अइकला.
म्हणजे घरात कुणी बाईंना हाक मारली
की ह्या माणसाला तेवढंच येत असणार:
ऐकला.
काय ऐकला, कुणी, ते नाहीच.
हे मी कुणालाही सांगितलं नाही.
फी घेतली, सुटे दिले.

दारातून बाबा वळले.
पोरी, मशीन बंद करायला विसरलीस,
तो बारीक आवाज चालूच आहे.
मी मागे पाहिलं. दिवा कधीच विझला होता.
हो बाबा, म्हटलं, करते.

खाली चौकात कुणाच्या तरी मिरवणुकीचे ढोल लागत होते,
पट्टे खांद्यावर, काठ्या हवेत, अजून पडल्या नव्हत्या.
जिन्याच्या वळणावर त्यांचं तोंड उघडलं.
शशिकलाबाई पिशवी पायरीवर ठेवून
थांबल्या.